द्वारकामावशींची तिसरी लाइन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी द्वारकामावशींचं नाव घेतो. आई-वडिलांचं ऋण वेगळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो तो त्यांच्यामुळे. पण पदवी हातात आल्यावर दुसऱ्याच्या घरात पाऊल कसं टाकायचं, हे मला द्वारकामावशींनी शिकवलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत आणि धंदा बांगड्या भरण्याचा.

कुणीही भेटलं की मावशी आधी त्याचं मनगट हातात घेत. नमस्कार नंतर. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटांनी दाबत, हात जरा फिरवून पाहत आणि मग बोलायला लागत. तीस-बत्तीस वर्षं सेनगाव तालुक्यातल्या गावागावांत त्यांनी हेच केलं होतं. सव्वादोनचा हात कुणाचा, अडीचचा कुणाचा, कुणाचा बाळंतपणात सुजला, कुणाचा दुखण्यात वाळला, सगळं त्यांना तोंडपाठ. पुढे आम्ही दोघे ज्या साबण-तेलाच्या कंपनीचं काम करू लागलो, तिचे पुण्याचे ट्रेनर एकदा हिंगोलीला आले होते. टाय लावलेले, तरतरीत गृहस्थ. त्यांनी हात मिळवायला पुढे केला. मावशींनी तो हात उलटा केला, दाबला आणि म्हणाल्या, "सायेब, येळेवर जेवत न्हाई का तुमी? नुसतं हाड लागून राहिलं." साहेब हसले, पण पुढे तासभर भाषण करताना त्यांचा डावा हात सारखा उजव्या मनगटाकडे जात होता.

मी मावशींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते बहिणीच्या लग्नात. तशा त्या आमच्या गावात वर्षानुवर्षं येत होत्या, पण पुरुष माणूस बांगड्यांच्या घोळक्यात कशाला थांबेल? त्या वर्षी मात्र मी घरीच होतो. स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं हिंगोलीत खोली करून घालवली होती आणि निकालाच्या यादीत नाव काही आलं नव्हतं. वडील पुण्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला जा म्हणत होते. मी हो किंवा नाही काहीच म्हणत नव्हतो. बायकांना चुडा भरून झाल्यावर मावशींनी मला हाक मारली आणि माझं मनगट धरलं.

"ह्यो हात लिवनाऱ्याचा हाय. घरात बसवून काहून ठिवला?"

आई म्हणाली, "नोकरी लागंना ना वो."

"मंग माझ्या लाइनीत ये. पर माझं काम करायचं न्हाई. तुझं तू करायचं."

ही लाइन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. साबण, तेल, चहा, हातापायाला लावायचं मलम असा कंपनीचा माल आधी आपण वापरायचा, मग ओळखीच्यांना द्यायचा. त्यांच्यातल्या कुणाला स्वतः काम करायचं असेल तर त्याचा फॉर्म आपल्या खाली भरायचा. त्याच्या खरेदीवर आपल्यालाही थोडा वाटा मिळतो. तो आणि त्याच्या खालची माणसं मिळून आपली एक लाइन. अशा तीन वेगवेगळ्या लाइनी उभ्या राहिल्या की कंपनी वरची लेव्हल देते आणि मग महिन्याचा वाटा घर चालवण्याइतका होतो. मावशींचे गुडघे गेले होते. बांगड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन फिरणं होत नव्हतं. हिंगोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी त्यांना या कामात आणलं होतं. त्यांची एक लाइन त्यांच्या जावेची होती. दुसरी माझी झाली. तिसरी नव्हती.

माझी सुरुवात वाईट झाली. ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे मी शंभर नावांची यादी केली आणि महिनाभरात त्या यादीतल्या निम्म्या लोकांनी माझा फोन उचलणं बंद केलं. शाळेतला एक मित्र तर मला पाहून मागच्या दाराने शेताकडे निघून गेला. मी मावशींकडे जाऊन तक्रार केली. त्यांनी विचारलं, "घरात गेल्यावर साबनाचं नाव किती येळानं काढलं?"

"पाच मिनिटांनी."

"पानी पेलास?"

"नाही. वेळ नव्हता."

"मंग बराबर पळाला त्यो. ऐक. पहिल्या खेपेला पानी प्यायचं. दुसऱ्या खेपेला च्या. तिसऱ्या खेपेला त्यायनंच इचारलं पायजे, पिशवीत काय हाय म्हनून. नसन इचारलं तर चौथी खेप. पाय आपले हायेत ना? का कंपनीनं देल्ते?"

आणि खरोखर त्या तशाच जात. हळद काढणीच्या दिवसांत बायकांच्या हातांना भेगा पडतात. मावशी बांधावर बसून नुसते हात पाहत. मलम पिशवीतच असे. ते काढत नसत. "आज तिला हात दुखतो हे सांगू दे. मलमाचं म्या उद्या सांगन," असं त्यांचं म्हणणं. हा उद्या कधी आठवड्याने येई, कधी दोन महिन्यांनी. माझा जीव वर-खाली होई. वडिलांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर या कामात जम बसला नाही तर पुण्याची गाडी. मावशींची लेव्हल झाली असती तर त्यांच्या खाली असलेल्या माझाही दर्जा वाढणार होता, आणि वडिलांपुढे मला काहीतरी दाखवता आलं असतं. एक लाइन. फक्त एक लाइन हवी होती.

त्या लाइनीचं नाव मला ठाऊक होतं. सुमनबाई. सेनगावच्या पुढे एका गावात राहतात; गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर वीस-पंचवीस बायका उठतात-बसतात. आणि त्या मावशींच्या जुन्या मैत्रीण होत्या. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या भागात आल्या. मावशींनी पहिला चुडा भरला तो सुमनबाईंना. पुढे वीस-बावीस वर्षं त्या गावात गेल्या की मावशींचं बोचकं सुमनबाईंच्याच ओट्यावर उतरे आणि साऱ्या गल्लीतल्या बायका तिथे जमत.

मग सुमनबाईंचे यजमान वारले. त्या दिवसापासून मावशींनी ते दार सोडलं. आमच्या भागात कासारीण विधवेच्या दारात बोचकं उतरवत नाही. हा नियम कुणी सांगितला, कुणाला माहीत नाही. पण पाळतात सगळ्या. मावशींना वाटलं, बांगड्या घेऊन तिच्यासमोर उभं राहणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं. म्हणून त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागल्या. नऊ वर्षं. त्या टोकावरून सुमनबाईंचा ओटा दिसे. ओट्यावर बसलेल्या सुमनबाईही दिसत.

माझ्या बहिणीच्या लग्नानंतर बोचकं कायमचं उतरलं आणि हातात नुसती साबणाची पिशवी राहिली, तेव्हा मावशींनी ठरवलं की आधी अशाच दारांत जायचं. मला म्हणाल्या, "बांगडी जिथं जाऊ देत नव्हती, तिथं साबन जाऊ देतो. एवढं तरी ह्या कंपनीचं मानलं पायजे." पहिल्याच दिवशी त्या सुमनबाईंकडे गेल्या. मी सोबत होतो. सुमनबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "कोन?"

"म्या. द्वारका."

"कोन्ती द्वारका? एक व्हती. मालक गेल्यावर तीबी गेली."

सुमनबाईंनी मग पिशवीकडे पाहिलं. "आता माझ्या हाताचा उपेग न्हाई म्हनून तोंडाला साबन लावाय आलीस व्हय गं? जा माय. दुसरं घर बघ."

आम्ही परत निघालो. फाट्यावर जीपची वाट पाहताना मी म्हणालो, "मावशी, तिसऱ्या खेपेला ऐकतील त्या."

मावशींनी पिशवी माझ्या हातात दिली. "हे धर. ह्या घरात आता पिशवी न्यायची न्हाई. सुमनला म्या काई इकनार न्हाई. कवाच."

"मग जायचं कशाला?"

"नऊ वर्सांचं बाकी हाय."

त्यानंतर सात महिने मावशी दर आठवड्याला, बाजारच्या दिवशी, सुमनबाईंकडे गेल्या. रिकाम्या हाताने. पहिले चार-पाच आठवडे ओट्यावरच बसून आल्या. सुमनबाई आतून ऐकू जाईल असं सुनेला म्हणत, "बाहेर कोनी बसलं का गं? कुत्रं असन तर हाकल." मावशी बाहेरून उत्तर देत, "हाकलल्यानं जानारं न्हाई म्हनावं, ओळखीचं हाय." एक दिवस सून पाणी घेऊन आली. पुढे चहा आला. मग एकदा मी पाहिलं तर दोघी पाय पसरून तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या आणि कुठल्यातरी जुन्या लग्नातल्या विहिणीची नक्कल करून हसत होत्या. मावशींना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आता मावशी फॉर्मचं विचारतील, असं मला दर आठवड्याला वाटे. मावशी विचारत नव्हत्या. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे कंपनीचा हिशेब बंद व्हायचा दिवस, दोन दिवसांवर. मी म्हणालो, "मावशी, एक शब्द टाका. त्या नाही म्हणणार नाहीत."

"म्हनूनच टाकत न्हाई."

मला ते कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटा सुमनबाईंकडे गेलो. फॉर्म आणि माल सोबत होता. सुमनबाईंनी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "द्वारकीनं धाडलं व्हय तुला?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी फॉर्म हातात घेतला. मग उठून आधारकार्ड आणलं. मोबाईलवर आलेला नंबर वाचून दाखवला. गटातल्या बायकांसाठी म्हणून मोठी ऑर्डर दिली. चहा विचारला नाही. मी आनंदात होतो, मला ते जाणवलंही नाही.

दिवाळीच्या आधी हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात कंपनीचा मेळावा झाला. मावशींची लेव्हल झाल्याचं त्यांना तिथेच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. स्टेजवरून नाव पुकारलं. मावशी गुडघ्यावर हात ठेवत चढल्या. हार घातला. मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांचा फोटो आणि खाली तीन लाइनींची नावं आली. मावशींनी मान वळवून एक एक अक्षर लावत ती वाचली. तिसऱ्या नावाशी थांबल्या. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. "मावशी, दोन शब्द बोला. हे यश कसं मिळवलं?"

मावशी म्हणाल्या, "हे तिसरं नाव म्या आनलं न्हाई."

लोकांना तो विनय वाटला. जोरात टाळ्या पडल्या. मावशींनी परत तेच सांगितलं, तेव्हा आणखी टाळ्या पडल्या. मग त्या खाली उतरल्या, सरळ माझ्याकडे आल्या आणि माझं मनगट धरलं. काही विचारलंच नाही. हात गार पडला होता, त्यावरून त्यांना समजलं.

"उद्या सकाळी सेनगावच्या जीपला ये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"आता काहून आलीस? सात म्हैने च्या पेलीस, त्याचं बिल धाडलंस. म्या भरलं. मिटलं."

मावशींनी मला पुढे केलं. "बोल."

मी आयुष्यात अनेक परीक्षा दिल्या, पण इतकं कठीण वाक्य कधी बोललो नाही. "मावशींनी मला पाठवलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. मी खोटं बोललो."

सुमनबाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "तीस दिसांच्या आत फारम वापस व्हतो. कंपनीचा कायदा हाय. गजानन, लाव मोबाईल. आत्ता. हितंच."

मी हळूच म्हणालो, "मावशी, लेव्हल जाईल. तुमची आणि..."

"जाऊ दे. लेव्हल माझी हाय, सुमनबी माझी हाय. दोन्हीतलं काय ठिवायचं ते तू ठरवनार का?"

मी फॉर्म रद्द केला. माल परत घ्यायला लागलो, तर सुमनबाई आतून एक अर्धवट झिजलेला साबण घेऊन आल्या. "ह्यो वापरला म्या. ह्याचं काय करायचं?"

मावशी म्हणाल्या, "त्यो वानोळा समज."

शेतातली पहिली काकडी, पहिली वांगी शेजाऱ्याकडे चव घ्यायला पाठवतात, त्याला आम्ही वानोळा म्हणतो. साबणाचा वानोळा बहुधा जगात पहिलाच असेल. सुमनबाईंना हसू आवरेना. "साबन तसा बरा हाय गं. फेस लई करतो," त्या म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या. "ये आत. ह्या खोटारड्यालाबी आन."

परतताना फाट्यावर मी वाट पाहत होतो की मावशी आता मला उद्यापासून येऊ नको म्हणतील. दिवाळी चार दिवसांवर होती. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मावशी म्हणाल्या, "तुझ्या बापाकडं जायाचं हाय."

त्या गेल्या. वडील बाजेवर बसले होते. त्यांना कुठूनतरी कळलंच होतं. "लेवल गेली म्हनं?"

"गेली."

"मंग आता ह्यानं काय करायचं इथं राहून?"

"पाटील, लेवल गेली, पर पोरगं हाय. चुकलं ते तोंडानं बोललं, दुसऱ्याच्या दारात उभं राहून. असं पोरगं पुन्याला काहून धाडता? मला सा म्हैने द्या. न्हाई जमलं तर म्या सोता गाडीत बसवून देते."

वडिलांनी सहा महिने दिले.

त्या सहा महिन्यांत मावशींनी मला पिशवी धरू दिली नाही. "आधी लोकायच्या उपेगी पड. कशानं पडशीन ते तुझं तू बघ." मला एकच गोष्ट येत होती, लिहिणं-वाचणं. मी डोंगरकडा गावापासून सेनगावापर्यंत ओळखीच्या गावांत जाऊन लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागलो. मुलांची शिष्यवृत्ती, पीक विमा, म्हाताऱ्यांची पेन्शन. एका तांड्यावर तर आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. तिथे लिंबाखाली खुर्ची टाकून बसत असे. चौथ्या महिन्यात तिथल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमी सोता काय काम करता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आमाला कधी इचारलं न्हाई ते?" माझी पहिली खरी लाइन तिथून उभी राहिली.

मावशींची लेव्हल पुढच्या वर्षी झाली, आणि या वेळी स्वतः आणलेल्या तिन्ही नावांबद्दल त्या स्टेजवरून तपशीलवार बोलल्या; त्यांच्या हातांची मापंसुद्धा सांगितली. माझ्या कामाबद्दल मी फुशारकी मारणार नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेले बरेच जण हे काम सोडून गेले. घाईने केलं तर यात नातीही जातात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. पण माझं घर आज चालतं, आणि रस्त्यात मला पाहून कुणी मागच्या दाराने निघून जात नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाने मावशींना नांदेडला नेलं. आता त्या तिथेच असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी हे पत्र लिहिलं. नातीने त्यांना वाचून दाखवलं, असं नंतर कळलं.

तीर्थस्वरूप मावशींना,
गजाननचा साष्टांग नमस्कार.

तुमचं ऑपरेशन चांगलं झालं हे कळलं. चालायची घाई करू नका. तुम्ही करणारच, तरी सांगतो.

मावशी, त्या दिवशी सुमनबाईंच्या दारात मी चूक कबूल केली, पण तुमची माफी मागितली नाही. तुम्ही मागायला लावली नाहीत. आज मागतो. तुमची सात महिन्यांची मेहनत मी एका शब्दात घालवली होती. तुम्ही मला हाकललं असतं तर कुणी तुम्हाला नाव ठेवलं नसतं. वडील परवा म्हणाले, "त्या बाईनं तुला ठिवलं म्हनून तू आमच्यात राहिला." मलाही तसंच वाटतं.

तुम्ही नांदेडला गेल्यापासून बाजारच्या दिवशी मी सुमनबाईंकडे जातो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू कशाला आलास?" मी म्हणालो, "मावशींनी पाठवलं नाही, माझा मी आलोय." त्या हसल्या. आता जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या अजून आपल्या लाइनीत नाहीत. मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

काल त्यांनीच विषय काढला. त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. एसटीत एवढा वेळ बसणं त्यांना जमत नाही, तरी येते म्हणतात. रविवारी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन निघतो. तुम्हाला आधी कळवू नको म्हणाल्या होत्या, मग पुन्हा म्हणाल्या, "न्हाई, कळव. तिला सांग, नऊ वर्सं म्या ओट्यावर बसून वाट पायली. आता एक दिवस तू पाय."

आम्ही जेवायला थांबणार आहोत.

आपला,
गजानन